उजवीकडून

मृणालीनं मोबाइल हातात दिला आणि म्हणाली,
"काकू, उलटं वाचायचं. उजवीकडून डावीकडे."
मला नवल वाटलं नाही.
ब्लाउज शिवता शिवता मी सगळा जन्म उलटीकडूनच पाहिलाय,
सुलट बाजू गिऱ्हाइकाची.

जपानातली शाळा. खिडकीजवळचा शेवटचा बाक.
तिथला पोरगा कुणाशी बोलत नाही.
नावं माझ्या जिभेवर वळत नाहीत,
म्हणून मी त्याला घुम्या म्हणते.
आणि ती, डबा सांडणारी, बुटाची नाडी सुटलेली,
साऱ्या वर्गाच्या भांडणात उडी घेणारी,
ती भिंगरी.
तिची वाक्यं फुग्यात मावत नाहीत.
त्याच्या फुग्यात तीन टिंबं.

त्या तीन टिंबांवर ही आमची पोर
उशीत तोंड खुपसून हसते.

"काऊन वं, एवढं काय आहे याच्यात?"
"काकू, त्याच्या मनातलं फक्त तिलेच समजते."

खोटं. मलाही समजतं.
लाजला की चित्रवाली त्याच्या कानांवर
बारीक तिरप्या रेघा ओढते.
पाऊस पडतो तोही त्याच्या मनासारखा, जाड किंवा पातळ.
मुका माणूस असा आतून छापलेला मिळाला
तर कुणालाही आवडेल.
आणि सतराव्या वर्षी प्रत्येकीला वाटतंच
की गावातल्या एका तरी बंद दाराची किल्ली
आपल्या ओढणीला बांधलेली आहे.

मला मिळाला तो वायरमन.
खांबावर चढला की वरुड रोडचं अर्धं गाव
माना वर करून उभं,
आणि हा वर तारांशी काहीतरी पुटपुटत असतो.
घरी आला की: पाणी. वाढ. झोपतो.
हळदीला बाया म्हणाल्या होत्या,
पोरगी रेडिओ, जावई भिंत, बरी जमली जोडी.

रेडिओच होते मी.
मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची,
शेजारच्या अंगणातून उत्तरं यायची.

मृणालीच्या गोष्टी एक भाग कधी दाखवत नाहीत.
असेल एकशे चाळिसावा.
त्यात भिंगरी हळूहळू गप्प होते.
कुणी मारलेलं नसतं, रागावलेलं नसतं,
भिंतीवर चेंडू टाकून टाकून
नुसता हात दुखायला लागतो.
मग एका घरात दोन घुमे,
संत्र्याची सालं वाळत घातलेली,
आणि पंख्याचा आवाज.

काल तो अकराला आला, डीपी दुरुस्त करून,
बोटांना ग्रीस.
मी ताट वाढलं आणि कोण जाणे कसं विचारलं,
"उलट स्वभावाची माणसं एकमेकांकडं काऊन ओढली जातात हो?"

घास हातात धरून तो विचार करत राहिला.
इतका वेळ, की मी वाटी उचलायला वाकले.

"दोन्ही वायर फेज असले," तो म्हणाला,
"तं बल्ब लागत नाही."

मग मोरीत हात धुता धुता, पाठमोरा,
"अन् एकमेकाले चिटकले तं डीओ उडते."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी, मोठ्यानं.
नळ बंद केल्यावरही तो तिथंच उभा.

"तू पयले लय बोलत जाय."

एवढंच.
नंतर, टॉवेल शोधत असल्यासारखं,
"मले वाटे, आज नाही तं उद्या बोलशीन."

एकवीस वर्षं हा माणूस
माझ्या पुढच्या पानाची वाट पाहत बसला होता,
आणि मला वाटत होतं, त्याला वाचताच येत नाही.

काय बोलावं ते सुचेना.
माझ्या फुग्यात तीन टिंबं.
ट्यूबच्या उजेडात मी त्याचे कान पाहू लागले,
लग्नानंतर पहिल्यांदा, नीट.
रेघा नव्हत्या.
उन्हानं रापलेली कातडी,
एका पाळीवर तार लागल्याचा जुना पांढरा चरा.

घाई नव्हती.
उजव्या कानापासून सुरुवात केली.